शॉट टायमर: पैसे वसूल, पण नुसता वेग वाढवायला घेत असाल तर राहू द्या

आधीच सांगतो, ही वस्तू भारतात बसलेल्या बहुतेकांना लागणार नाही, पण नेमबाजीचा नाद असेल तर वाचायला मजा येईल म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या टेक्सासात, आणि इथे जमेल तसं यूएसपीएसएच्या लोकल मॅचना जातो. यूएसपीएसए म्हणजे प्रॅक्टिकल शूटिंगची अमेरिकेतली संघटना, ऑलिम्पिकसारखं एका जागी उभं राहून एक हात खिशात घालून नेम धरणं वेगळं आणि हे वेगळं, इथे पिस्तूल कमरेला होल्स्टरमध्ये असतं, बीप वाजली की काढायचं आणि लाकडी भिंती, खिडक्या, पिंपं असल्या मांडणीतून पळत, थांबत, वाकत पुठ्ठ्यांवर आणि लोखंडी प्लेट्सवर गोळ्या मारायच्या. मांडणीला स्टेज म्हणतात. ती बीप जे यंत्र देतं आणि शेवटच्या गोळीपर्यंतची वेळ जे मोजतं तो शॉट टायमर.

माझ्याकडे आहे तो कॉम्पिटिशन इलेक्ट्रॉनिक्सचा पॉकेट प्रो टू. जुनं, ठोकळेबाज मॉडेल. हातात मावणारा डबा, बेल्टला अडकवायची क्लिप, साधी नाईन व्होल्टची चौकोनी बॅटरी, जी कुठल्याही किराणा दुकानात मिळते, आणि एक मोठं स्टार्ट बटण जे उन्हात घामेजलेल्या हातानेही न बघता दाबता येतं. बीप एवढी कर्कश की डबल इअर प्रोटेक्शनमधून ऐकू येते. ब्लूटूथ नाही, फोनवर ग्राफ नाही, काही नाही. मला तेच आवडलं, कारण सरावाला गेलो की फोन बाहेर काढला की ऑफिसचे मेसेज दिसतात आणि मग सराव गेला खड्ड्यात.

चालतो कसा ते थोडक्यात. बटण दाबलं की काही सेकंदांत कधीतरी बीप होते, नक्की कधी ते मुद्दाम ठरलेलं नसतं म्हणजे तुम्ही अंदाजाने आधीच हात हलवू नये. आत माईक असतो, तो गोळीचा प्रत्येक आवाज ऐकून त्याची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत नोंदवतो. पहिली गोळी किती वेळात गेली, दोन गोळ्यांत किती अंतर पडलं (याला स्प्लिट म्हणतात), आणि शेवटची गोळी कधी, म्हणजे एकूण वेळ. रिव्ह्यूचं बटण दाबत गेलं की एकेक गोळी मागे जाऊन बघता येते. झालं, एवढंच आहे यंत्र. मॅचला रेंज ऑफिसर हाच डबा घेऊन तुमच्या मागे उभा असतो, "आर यू रेडी", "स्टँडबाय", आणि बीप.

आता लोक हा घेतात कशासाठी, तर वेग वाढवायला. दर मॅचला एखादा नवीन गडी असतो जो टायमरवर ०.१८ चे स्प्लिट दाखवत फिरतो, पुठ्ठ्यावर बघावं तर दोन गोळ्यांत वीतभर अंतर. माझं मत सरळ आहे, टायमर एकटा बघायचा नाही, टायमर आणि पुठ्ठा दोन्ही शेजारी ठेवून बघायचे. कारण या खेळाचा हिशोबच तसा आहे.

हिशोब असा. पुठ्ठ्यावर मध्ये ए झोन असतो, साधारण १५ सेंमी रुंद आणि २८ सेंमी उंच. तिथे लागली की ५ पॉइंट. त्याच्या बाहेर सी, तिथे ३. अजून बाहेर डी, तिथे १. (हे मायनर पॉवर फॅक्टरचे आकडे, म्हणजे साध्या ९ एमएमवाल्यांचे, जड काडतूस वापरणाऱ्यांना मेजर मिळतं, त्यांना सी ला ४ आणि डी ला २.) पूर्ण हुकली तर वजा १०, आणि जे मिळायचे होते ते ५ गेलेच. मग सगळे पॉइंट भागिले सेकंद, जे उत्तर येतं त्याला हिट फॅक्टर म्हणतात. त्या स्टेजवर सगळ्यात जास्त हिट फॅक्टर ज्याचा त्याला स्टेजचे पूर्ण मार्क, बाकीच्यांना त्याच्या टक्केवारीत. म्हणजे नुसता पळालात तरी मार खाणार आणि नुसता नेम धरत बसलात तरी मार खाणार. वर पळायचं किती आणि नेम धरायचा किती हे प्रत्येक स्टेजला वेगळं.

एक खरंखुरं उदाहरण घेऊ. एल प्रेसिडेंटे नावाचा जुना ड्रिल आहे, जेफ कूपरने लोकप्रिय केलेला, हा तोच माणूस जो १९७६ साली मिसुरीतल्या कोलंबिया गावात आयपीएससी ही प्रॅक्टिकल शूटिंगची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष झाला. तीन पुठ्ठे १० यार्डांवर, तुम्ही पाठ करून उभे, हात वर. बीप झाली की वळायचं, पूर्ण वळल्यावरच पिस्तूल काढायचं, तिघांना दोन दोन, मॅगझीन बदलायचं, परत तिघांना दोन दोन. १२ गोळ्या, ६० पॉइंट. त्या काळी १० सेकंदांत सगळ्या नीट बसल्या तर माणूस तयार समजायचे. आजचे ग्रँडमास्टर कुठच्या कुठे गेलेत, ते सोडा, आपल्यासारख्याचा टायमर काय दाखवतो ते बघा.

वळून पिस्तूल काढून पहिली गोळी १.६५ सेकंदांना. एकाच पुठ्ठ्यावरच्या दोन गोळ्यांत ०.२५. एका पुठ्ठ्यावरून दुसऱ्यावर जायला ०.३५. मॅगझीन बदलून पुढची गोळी, १.९५. सगळं मिळून ६.५० सेकंद. पुठ्ठ्यावर समजा ७ ए आणि ५ सी, म्हणजे ५० पॉइंट. हिट फॅक्टर ७.६९.

आता या साडेसहा सेकंदांची फोड करा. "फटाफट ट्रिगर मारला" ते स्प्लिट एकूण सहा, प्रत्येकी पाव सेकंद, म्हणजे दीड सेकंद. उरलेले पाच सेकंद कुठे गेले? वळण्यात, पिस्तूल काढण्यात, नजर एका पुठ्ठ्यावरून दुसऱ्यावर नेण्यात आणि कमरेवरचं मॅगझीन शोधण्यात. म्हणजे आपण ज्या दीड सेकंदात जीव तोडून घाई करतो आणि नेम घालवतो त्याच्या तिपटीहून जास्त वेळ दुसरीकडेच वाया चाललाय. रिक्षाचं मीटर सिग्नलला उभं असतानाही पडत राहतं ना, तसं.

मग उलटं करून बघा. स्प्लिट ०.२५ वरून ०.३० वर आणा, मुद्दाम हळू, समोर डॉट (पिस्तुलावरच्या साईटमधला नेमाचा ठिपका) परत ए झोनमध्ये आलेला दिसल्यावरच दुसरी गोळी. सहा स्प्लिट गुणिले ०.०५ म्हणजे एकूण ०.३० सेकंद वाढले, ६.८० झाले. त्या बदल्यात पाचातल्या फक्त दोन सी जरी ए मध्ये आल्या तर ५४ पॉइंट, आणि हिट फॅक्टर ७.९४. हळू मारलं आणि नंबर वर गेला! हे मला कुणी शंभरदा सांगितलं असतं तरी पटलं नसतं, समोर आकडे दिसले तेव्हा पटलं. आणि तेच जर घाईत ६.२० सेकंदात उरकलं पण एक गोळी पूर्ण हुकली, १० ए, एक सी, एक मिस, तर ४३ पॉइंट आणि ६.९४. एका मिसने सगळं धुऊन नेलं.

इथून एक सोपी गोष्ट हाताला लागते जी मी आता प्रत्येक स्टेज बघताना मनात करतो. एक पॉइंट म्हणजे किती सेकंद? एक भागिले हिट फॅक्टर. जवळजवळचे पुठ्ठे, उभ्या उभ्या धडाधड मारायची स्टेज असेल, हिट फॅक्टर १० च्या आसपास जाणार असेल, तर एक सी म्हणजे २ पॉइंट गेले, म्हणजे ०.२० सेकंद. तिथे सी झाली तर झाली, पुढे पळा. पण ३२ गोळ्यांची लांब स्टेज, अर्धे पुठ्ठे २० यार्डांवर, हिट फॅक्टर ५, तर तीच सी ०.४० सेकंदाला पडते. आणि अवघड स्टेज, हिट फॅक्टर अडीच, तर ०.८० सेकंद! म्हणजे दूरच्या अर्ध्या झाकलेल्या पुठ्ठ्यावर अर्धा सेकंद जास्त थांबून नेम धरणं हा चक्क फायद्याचा सौदा. आणि मिस म्हणजे ए च्या तुलनेत १५ पॉइंट, हिट फॅक्टर ५ ला ते तीन सेकंद झाले. तीन सेकंदांत माणूस अख्खा एक पुठ्ठा परत मारून, चहा नाही पण पाणी तरी पिऊन येईल. म्हणून मिस गेलीय असं दिसलं की तिथेच अजून एक गोळी मारायची, नियमाने चालते, चांगल्या लागलेल्या धरतात. सी साठी मात्र सहसा परत मारू नये, कारण ती सी आहे हे डोक्यात शिरेपर्यंत तुम्ही पुढच्या पुठ्ठ्यावर गेलेले असता, मागे वळण्यातच अर्धा सेकंद जातो.

लांब स्टेजवर टायमर अजून उघडा पाडतो. सरावाला छोटी दोन जागांची मांडणी करा, चार पुठ्ठे इकडे, चार तिकडे, मध्ये सात-आठ पावलं. नंतर रिव्ह्यू दाबत जा. ०.२८, ०.४१, ०.२६, ०.४४, असं छान चाललंय आणि मध्येच आठव्या आणि नवव्या गोळीच्या मध्ये ३.१२. हे तीन सेकंद! निघताना आधी वजन मागे टाकलं, मग पाऊल उचललं, पोचल्यावर पाय लावले, मग हात वर केले, मग डॉट शोधला. चांगले लोक पोचायच्या आधीच पिस्तूल डोळ्यांसमोर आणतात आणि शेवटचं पाऊल पडता पडता पहिली गोळी सोडतात, तोच टप्पा त्यांचा दोन सेकंदांत होतो. म्हणजे एक सेकंद वाचला, एकही गोळी घाईने न मारता. ट्रिगरमधून एक सेकंद काढायचा तर त्या सोळा गोळ्यांत नेमाचं वाटोळं होईल. माझ्या मते टायमरचे पैसे इथेच वसूल होतात, ०.१८ च्या स्प्लिटमध्ये नाही.

जाता जाता, ते "स्लो इज स्मूथ, स्मूथ इज फास्ट" हे वाक्य इथे टी-शर्टवर छापलेलं असतं, प्रत्येक रेंजवर कुणीतरी काका ते ऐकवतातच. टायमर घेतल्यावर माझा त्यावरचा विश्वास बराच उडाला. हळू ते हळूच असतं हो. मॅगझीन हळू बदललं तर ते आपोआप फास्ट होत नाही, आकडा तसाच राहतो. बदलायची हालचाल जोरात करायची आणि ट्रिगर दाबताना मात्र हात शांत ठेवायचा, दोन्ही एकाच माणसाला एकाच सेकंदात जमवायचं, हे अवघड आहे आणि कुठल्या घोषवाक्याने ते सोपं होत नाही.

सगळ्या खेळांत हाच हिशोब नसतो हेही सांगायला हवं, कारण काही लोक आयडीपीए (पिस्तुलांचीच दुसरी एक स्पर्धा) खेळतात आणि इथले सल्ले तिथे लावतात. आयडीपीएत उलटं आहे, तिथे वेळ मूळ आणि नेम चुकला की सेकंद वाढतात, आणि २०१७ पासून एक पॉइंट कमी म्हणजे अख्खा एक सेकंद दंड, आधी अर्धा होता. म्हणजे तिथे नेमाची किंमत कायम तीच, स्टेज सोपी असो की अवघड. तिथे घाई केली तर गेलातच. आणि स्टील चॅलेंज म्हणजे नुसत्या पाच लोखंडी प्लेटा, लागली की टणकन आवाज, नाही लागली तर परत मारा, निव्वळ वेळ. टायमर तोच, पण त्यावरचा आकडा वाचायची नजर वेगळी ठेवावी लागते.

आता आपल्याकडच्या लोकांसाठी. वेग आणि नेम हा झगडा आपल्याला नवीन अजिबात नाही, कोल्हापूरच्या राही सरनोबतने त्यात अख्खं करिअर केलंय. तिची २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल इव्हेंट बघा, आधी प्रिसिजनच्या ३० गोळ्या, पाच गोळ्यांना पाच मिनिटं, निवांत. मग रॅपिडच्या ३०, तिथे हात खाली ४५ अंशात, हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात वर, एक गोळी, परत खाली, सात सेकंद थांबा, परत. प्रिसिजनला दहाचं वर्तुळ ५ सेंमी, रॅपिडला १० सेंमी. फायनलला तर १०.२ किंवा वर लागली तरच हिट, नाहीतर शून्य. २०१३ ला चांगवॉनला तिने वर्ल्ड कपचं सोनं आणलं, पिस्तुलात असं करणारी पहिली भारतीय, आणि २०१८ च्या जकार्ता एशियाडला ३४ वर थायलंडच्या नेमबाजाशी बरोबरी झाली, शूटऑफ दोनदा खेळावा लागला आणि सोनं घेतलं. आमच्या गावात त्या दिवशी काय वातावरण असेल, मी इथे बसून फोनवर नुसते स्कोअर रिफ्रेश करत होतो.

मनू भाकरचा पॅरिसचा स्कोअर मला फार बोलका वाटतो. क्वालिफिकेशनला ५९०, त्यात प्रिसिजनला २९४ आणि रॅपिडला २९६. म्हणजे पाच मिनिटं हातात असताना जेवढे आले त्यापेक्षा तीन सेकंदांत दोन जास्त! अर्थात वर्तुळ दुप्पट रुंद आहे हे मान्य, पण तरी. पुढे फायनलला ब्राँझच्या शूटऑफमध्ये हंगेरीच्या व्हेरोनिका मेजरकडून हरून ती चौथी आली. पुरुषांचं रॅपिड फायर तर अजून कडक, पाच टार्गेटं, पाच गोळ्या, आधी ८ सेकंदांत, मग ६, मग ४. लंडनला २०१२ मध्ये विजय कुमारने त्यात रौप्य आणलं होतं.

फरक एवढाच की तिथे वेळ बांधलेली असते. तीन सेकंद म्हणजे तीन सेकंद, अडीचमध्ये मारली म्हणून कुणी जास्त मार्क देत नाही, त्यामुळे शहाणा नेमबाज मिळालेला सगळा वेळ वापरायला शिकतो. यूएसपीएसएत वेळ मोकाट सुटलेली, किती वापरायची ते तुम्ही ठरवायचं आणि त्याचा भुर्दंडही तुम्हीच भरायचा. मला विचाराल तर ऑलिम्पिकवाल्यांचा नेम आपल्यापेक्षा कितीतरी वरचा, पण कुठे किती वेळ खर्चायचा हा निर्णय घेण्याची जी मजा आहे ती इकडे जास्त. भारतात २५ मीटर करणाऱ्या पोरापोरींनाही टायमरचा एक उपयोग आहे, पार टाईम (म्हणजे दुसरी बीप किती वेळाने वाजायची ते) तीन सेकंदांवर लावायचा, पहिल्या बीपला हात उचलायला सुरुवात, दुसऱ्या बीपच्या आत ट्रिगर, घरात, रिकाम्या पिस्तुलावर. पण त्यासाठी दीडशे डॉलरचं यंत्र मागवू नका, फोनवरचं फुकट ॲप तेवढं काम करतं.

ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या पिस्तुलावरचा सराव, हा विषय निघालाच तर, खरं सांगायचं तर माझा टायमर रेंजपेक्षा घरी जास्त वाजतो. रिकाम्या पिस्तुलाची टिक माईकला नीट ऐकू येत नाही, म्हणून घरी पार टाईमच वापरायचा. पिस्तूल काढून डॉट ए झोनवर आणायला समजा दीड सेकंद लागतो, तर १.५ लावा, आरामात जमू लागलं की १.४, मग १.३. फक्त स्वतःशी खोटं बोलू नका, दुसरी बीप झाली तेव्हा डॉट खरंच मध्ये होता का हे स्वतःलाच कबूल करावं लागतं, तिथे पुठ्ठा साक्षीला नसतो. आणि एक नियम अजिबात मोडायचा नाही, ज्या खोलीत ड्राय फायर त्या खोलीत एकही काडतूस नको, मॅगझीनसुद्धा तपासून, दोनदा. बीपचा आवाज मात्र घरात फारच मोठा वाटतो, पोर झोपलेलं असलं की बायको दारात येऊन नुसती बघते. मी स्पीकरच्या जाळीवर मास्किंग टेपचे तीन थर लावलेत, वर एक कापसाचा बोळा, आता जरा माणसांत आल्यासारखा वाजतो. रेंजवर जाताना टेप काढायची.

कमी बाजू काय. माईकवाल्या कुठल्याही टायमरचं एकच दुखणं, त्याला तुमची गोळी आणि शेजाऱ्याची गोळी यातला फरक कळत नाही. रेंजवर शेजारच्या बेमध्ये (कप्प्यात) कुणी धडाधड मारत असेल तर तुमच्या बारा गोळ्यांच्या पंधरा होतात. सेन्सिटिव्हिटी कमी करून बघायची, टायमर बेल्टवर आपल्या बाजूला आणि शेजाऱ्याकडे पाठ करून लावायचा, तरी थोडं होतंच. वरती पत्रा असलेल्या शेडमध्ये आवाज घुमून एकाच गोळीच्या दोन नोंदी झालेल्याही मी पाहिल्यात. मॅचला याचाच उलटा प्रकार होतो, रेंज ऑफिसरने टायमर लांब धरला आणि शेवटची गोळी नोंदलीच गेली नाही तर पूर्ण स्टेज परत मारावी लागते, पहिली कितीही भारी गेली असली तरी.

दुसरं म्हणजे, तुमच्याकडे फक्त इनडोअर पब्लिक रेंज असेल तर जरा विचार करा. बऱ्याच ठिकाणी होल्स्टरमधून पिस्तूल काढायलाच परवानगी नसते, काही ठिकाणी दोन गोळ्यांत सेकंदभर अंतर ठेवायला सांगतात, आणि पाच लेनमध्ये पाच जण मारत असताना टायमरचं काय होणार ते वर सांगितलंच. तिथे त्याचा उपयोग निम्माही राहत नाही.

स्वस्तातले पण आहेत. मी याआधी ऑनलाईन एक अगदी स्वस्त घेतला होता, नाव घेत नाही, त्याचा स्क्रीन टेक्सासच्या दुपारच्या उन्हात दिसायचाच नाही, हाताची सावली धरून वाचावं लागायचं, आणि बटणं एवढी बारीक की ग्लोव्हजमध्ये दोन एकदम दाबली जायची. फोनचं ॲप घरात ठीक, पण खरी गोळी चालते तिथे फोनचा माईक गोंधळतो आणि बीप कानावरच्या मफमधून ऐकूही येत नाही. महागातले ब्लूटूथवाले टायमर माझ्या स्क्वाडमध्ये दोघांकडे आहेत, फोनवर सगळ्या स्प्लिटचा इतिहास साठतो, पोरं घरी जाऊन एक्सेलमध्ये टाकतात. आयटीवाल्यांना लय आवडेल. मला वाटतं सराव करताना वहीत चार ओळी लिहिल्या तरी पुरतं, कुठला ड्रिल, किती वेळ, किती ए, किती सी. वेळ लिहिली आणि ए-सी लिहिलं नाही तर त्या नोंदीला काही अर्थ नाही.

एक महत्त्वाचं, कारण नवीन आलेली मराठी पोरं विचारतात. टायमर कुणीही घेऊ शकतो, पण पिस्तुलाचं तसं नाही. एच वनसारख्या नॉनइमिग्रंट व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला साधारणपणे बंदी आहे, हंटिंग लायसन्ससारख्या काही सवलती आहेत पण त्या नीट वाचून, वकिलाला विचारूनच. मित्राने सांगितलं म्हणून रेंजवर जाऊन भाड्याने पिस्तूल हातात घेतलं असं करू नका, ग्रीन कार्डच्या लाईनीत उभे आहात हे विसरू नका. मी कार्ड हातात आल्यावरच सुरू केलं. तोपर्यंत मॅच बघायला जायला कुणाची ना नसते, डोळ्यांना गॉगल आणि कानाला मफ लावून मागे उभं राहायचं.

खर्चाचं बघा, टायमर सव्वाशे-दीडशे डॉलरच्या घरात. ९ एमएमच्या हजार गोळ्या सहज अडीचशे डॉलर खातात, आणि त्या दोन-तीन शनिवारी संपतात. म्हणजे टायमरचा खर्च या नादात किरकोळच. पण पहिल्या मॅचआधी घेऊ नका. पहिल्या चार-पाच मॅच नुसत्या सुरक्षित पार पाडा, पिस्तुलाचं तोंड १८० अंशाच्या रेषेपलीकडे जाऊ न देणं, पळताना बोट ट्रिगरबाहेर ठेवणं, एवढंच डोक्यात असू द्या, कारण त्यात चुकलात तर सरळ डिस्क्वालिफाय आणि दिवसभर दुसऱ्यांच्या पुठ्ठ्यांना टेप चिकटवत बसायचं. प्रॅक्टिस्कोअर ॲपवर मॅचचे निकाल संध्याकाळपर्यंत येतातच, त्यात तुमचे ए, सी, मिस आणि वेळ सगळं दिसतं, सुरुवातीला तेवढं बास. निकालात ए कमी आणि वेळही जास्त असं दिसलं तर आधी नेम शिका. ए भरपूर पण वेळ दुप्पट, असं असेल तर आता टायमर घ्या, तुमचे सेकंद कुठे सांडतायत ते तोच दाखवेल.

पॉकेट प्रो टू ला माझ्याकडून पाचात साडेचार. अर्धा कापला कारण बॅटरी सोबत घेऊन फिरावी लागते, चार्जिंगचा नाही. घेणार असाल तर नाईन व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बॅगेत कायम टाकून ठेवा, आणि उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर यंत्र ठेवू नका, इथल्या ऑगस्टमध्ये तिथे काहीच टिकत नाही.